हातभर कोरा कागद

पियानोत पंप असतो हे मला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. पंप म्हणजे विहिरीवरचा, ही माझी पक्की समजूत. चिंचणी, वाणगाव, बोईसर या पट्ट्यात वाड्यांना पाणी देणारी जेवढी ऑइल इंजिनं होती, त्यांतली निम्मी तरी माझ्या हाताखालून गेलेली, आणि त्याचा मला माज होता. पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय दुखतंय ते सांगायचं, हे माझं कसब. लोक त्याचं कौतुक करत आणि मी ते करू देत असे.

साठचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. समुद्राच्या बाजूला बिजलीघराचं काम सुरू झालं होतं, आणि बोईसर स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मराठीपेक्षा हिंदीच जास्त ऐकू येऊ लागली होती. थंडी पडायच्या सुमाराला एका दुपारी तारापूरच्या पारशी बंगल्यात कामाला असणारी बाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "बाजाच्या पेटीतला पंप लय बोंबलतो हाय. बायनं बोलावलाय तुमाला." मी हसलो. पेटीत पंप कुठून येणार, असं तिला विचारलं. ती म्हणाली मला काय ठावं, चला नि बघा. मी पिशवी उचलली ती निव्वळ गंमत बघायला.

त्या बंगल्यात दोनच माणसं राहत. म्हातारे बहीणभाऊ, दोघंही बिनलग्नाचे. बहिणीला सगळे बाई म्हणत आणि ती भावाला भाई म्हणे, म्हणून मीही तेच धरलं. भाईंनी मुंबईत बरीच वर्षं पियानो शिकवला होता. म्हातारपणी ते तारापूरला परतले आणि पाच वर्षांपूर्वी एका सकाळी उठायला गेले ते पडलेच. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. दोन शब्द बोलायला त्यांना घोटभर पाणी पिण्याइतका वेळ लागे. पियानो शिकवणाऱ्या माणसाचा उजवा हात जावा, यापुढे देवाला तरी काय बोलायचं.

पियानो वडिलांच्या वेळचा, आणि साधा नव्हता. तो आपोआप वाजायचा. त्याच्या पोटात कागदाची लांबलचक गुंडाळी, रोल, बसवायची. त्या कागदाला हजारो भोकं पाडलेली. कागद एका पितळी पट्टीवरून सरकत जाई. त्या पट्टीलाही ओळीनं बारीक भोकं, आणि पंप त्यांतून हवा ओढत असे. कागदातलं भोक पट्टीतल्या भोकावर आलं की तेवढ्या जागी हवा आत शिरायची आणि त्या सुराची काळी किंवा पांढरी पट्टी आपण होऊन खाली दबायची. समोर कुणी बसलेलं नसताना पट्ट्या खालीवर होताना मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. कामवाली तर तो वाजू लागला की परसात निघून जायची.

पूर्वी ही हवा पायडल मारून ओढावी लागे. भाईंचा पाय गेल्यावर बाई पायडल मारू लागल्या, मग त्यांच्याही गुडघ्यांनी जवाब दिला. तेव्हा त्यांनी मुंबईहून विजेवर चालणारा जुना पंप मागवला. ट्रंकेएवढी लाकडी पेटी, आत चामड्याचे चार भाते, ते हलवणारे लाकडी दांडे आणि शेजारी पट्ट्यानं जोडलेली मोटार. बोईसरला रेल्वेनं आली, तिथून बैलगाडीनं तारापूरला. हवा तो चोख ओढायचा, पण आवाज भाताच्या गिरणीचा. बाईंनी माझ्यासमोर रोल लावून दाखवला. सूर ऐकू येत होते, पण गिरणीत उभं राहून कुणाचं गाणं ऐकावं तसे.

भाई खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. पंप बंद झाल्यावर त्यांनी डाव्या हातानं कपाटाकडे खूण केली. बाईंनी तिथून एक लांबट पुठ्ठ्याचा डबा काढला आणि मला हात पुसायला लावून मगच उघडला. आत एक रोल होता. विकतचा नव्हे. भाईंनी स्वतः रचलेली चाल त्यांनी स्वतःच्या हातानं कापली होती, चामड्याला भोकं पाडायच्या पोगरानं आणि धारदार सुरीनं, सलग दोन हिवाळे बसून. चाल लिहिलेली वही पुढे वाळवीनं खाल्ली. आता ती चाल त्या कागदावर होती आणि भाईंच्या डोक्यात. रोल पुरा झाला आणि पंधरवड्यात झटका आला. तो रोल एकदाही वाजला नव्हता; बाईंच्या पायडलला दम एकसारखा राहत नसे, म्हणून तेव्हाही भाईंनी तो लावू दिला नव्हता.

बाईंनी सांगितलं की भाई तो पंपाच्या या आवाजात लावू देत नाहीत. कागद जुना झालाय, फार वेळा वाजणार नाही. पहिल्यांदा वाजेल तेव्हा नीट ऐकायचा, नाहीतर नाहीच. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "त्याला फक्त एकदा ऐकायचा हाय. तेवढा पंप गप कर."

मी म्हटलं आठ दिवसांत करतो. दोन महिने लागले.

आवाज एक नसतो, हे मला इंजिनांवरून ठाऊक होतंच. सगळा गोंगाट एकत्र ऐकला तर काहीच कळत नाही. एकेक आवाज वेगळा करायचा, त्याला जागेवर धरायचा आणि मारायचा, मग मागे लपलेला पुढचा आवाज ऐकू येतो. पहिल्यांदा मोटारीचा गुरगुराट. तो जमिनीच्या फळ्यांतून साऱ्या घरात फिरत होता. ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे आणि त्यावर काथ्याची जाड गादी, अशी बैठक करून पेटी तिच्यावर ठेवली. मग टकटक. पट्टा जोडायला मधे लोखंडी आकडा होता, तो प्रत्येक फेऱ्याला पुलीवर आपटायचा. तो काढून मी पट्टा चांभारासारखा शिवून घेतला. पेटीला आतून जुनी गोधडी ठोकली. बाईंनीच दिली, कुणाची होती ते सांगितलं नाही.

मी काम करत असताना भाई खुर्चीत बसून माझी परीक्षा घ्यायचे. त्यांची एक रीत होती. हातातली काठी ते जमिनीवर उभी धरत आणि तिची मूठ जबड्याच्या हाडाला टेकवून डोळे मिटत. मी पेचकसानं जे करतो तेच ते काठीनं करत होते. मला आधी राग आला. माझं कसब दुसऱ्याला येतं हे बघून येतो तसला. मी पंप चालू करून त्यांच्याकडे बघायचो, ते बराच वेळ ऐकायचे, आणि मग म्हणायचे, "हजी छे." अजून आहे. मी चरफडत पुन्हा पेटीत डोकं घालायचो, आणि दर वेळी त्यांचंच खरं निघायचं.

एकदा त्यांनी नुसतं "हजी छे" म्हटलं नाही, तर काठीनं पेटीच्या डाव्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथल्या दांड्याचं भोक झिजून मोठं झालं होतं आणि दांडा आत खुळखुळत होता. त्या भोकांत जाड फेल्टचं अस्तर लागतं. तसलं कापड आमच्या बाजारात कुठून मिळणार? मी तसं बोललो. भाईंनी बाईंना काहीतरी सांगितलं, आणि त्यांनी आतून एक करडी फेल्ट टोपी आणली. मुंबईत शिकवायला जाताना ते हीच घालत. मी टोपी हातात घेऊन नुसता उभा राहिलो. भाई डाव्या हाताच्या दोन बोटांनी कात्री चालवल्यासारखं करून दाखवत होते. टोपीची गोल अस्तरं कापली, त्यांना पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली आणि बसवली. दांडे गप झाले. त्या दिवसापासून माझा राग गेला. मी तिथे जायची वाट बघू लागलो, हे माझ्याआधी माझ्या बायकोच्या लक्षात आलं.

राहिला एक आवाज. भात्यांच्या आत हवेला एकाच बाजूनं जाऊ देणाऱ्या चामड्याच्या झडपा होत्या, त्या वाळून कोरड्या झाल्या होत्या. दर उघडझापीला फुर्र व्हायचं. आवाज बारीक, पण बाकी सगळे गेल्यामुळे तोच मोठा वाटायचा. बाईंनी मुंबईच्या एका जुन्या पियानो दुरुस्त करणाऱ्याला पत्र घातलं होतं. त्याचं उत्तर आलं, इंग्रजीत. बाई वाचून अर्थ सांगत होत्या. चामडं बदलावं लागेल, पातळ मऊ बकऱ्याचं कातडं लागतं, ते मी मागवतो, पावसाळा सरल्यावर स्वतः येऊन बसवून देतो, वगैरे.

पावसाळा सरल्यावर म्हणजे आणखी सात-आठ महिने. माझं डोकं फिरलं. हा कोण मुंबईत बसून सांगणार? दोन महिने गुडघ्यांवर मी बसलोय. मी म्हटलं, "त्याला लिवा, येऊ नको. चामडं मऊ कसं करायचं ते आमाला शिकवू नको म्हणावं." बाई म्हणाल्या, अजून खाली दोन ओळी आहेत. मी तोवर पिशवी आवरून उठलो होतो. बाईंनी पत्राची घडी घालून पियानोवर ठेवली.

माझ्या डोक्यात मुशी माशाचं तेल घोळत होतं. दातिवऱ्याच्या एका तांडेलाच्या मासेमारी होडीचं इंजिन मी दुरुस्त केलं होतं. त्यानं खुशीनं एक डबा दिला होता, मुशीच्या काळजाचं घट्ट, पिवळं तेल. आमच्या किनाऱ्यावर होडी ओढून ठेवली की लाकडाला हेच चोपडतात. मग त्यात थेंबभर पाणी शिरत नाही. पाणी शिरत नाही तिथे हवा काय शिरणार, असा मी विचार केला. विचार कसला, खात्रीच होती. मी झडपांना तेल चोळलं, भात्यांच्या घड्यांना चोळलं, आणि पियानोच्या पोटात कागदाचा वेग सांभाळणारा एक लहानसा भाता होता, त्यालाही चोळलं. त्याला काहीच झालं नव्हतं. हातात तेल होतं म्हणून लावलं.

घरभर वास सुटला. बाई नाकाला पदर लावून हसल्या, म्हणाल्या की माझ्या दिवाणखान्याचा पार मासळीबाजार केलास. त्यांनी लोबान जाळला. मी पंप चालू केला. भाईंनी काठी जबड्याला लावली, डोळे मिटले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले, काठी बाजूला ठेवली आणि मान हलवली. नाही. काही नाही. बाईंना वाटलं मी अजून पंप चालूच केलेला नाही.

मी सांगतो, आयुष्यात इतका आनंद मला पुन्हा कुठल्या कामानं दिला नाही.

बाई म्हणाल्या, मग लावू या का त्याचा रोल? डब्याकडे त्यांचा हात गेलाही होता. आणि मी, मीच म्हणालो, एवढे दिवस थांबलात तर आता नवरोज येऊ दे. मार्चमधला नवरोज तीन-चार आठवड्यांवर होता. सणाचा दिवस, घर सजवलेलं, मी धुतलेला शर्ट घालून येईन, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. मला माझं काम मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. भाईंनी माझ्याकडे बघून हसून मान डोलावली. त्याच दुपारी लावला असता तर तो शेवटपर्यंत वाजला असता.

पुढचे आठवडे वाड्यांच्या पाण्याचे. माझी इंजिनांमागे धावपळ. बाईंनीही पियानो जपून ठेवायचा म्हणून बंदच ठेवला. ऊन चढत होतं, आणि बंद पियानोच्या पोटात ते तेल वाळत होतं. होडीला तेल लावतात ते वाळून त्याची कडक साय धरावी म्हणूनच. आमच्याकडच्या कुणालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. लाकडाला हवं ते चामड्याला नको, लाकूड एका जागी असतं आणि भात्याला हलावं लागतं, एवढं साधं मला त्या वेळी सुचलं नाही.

नवरोजच्या सकाळी उंबऱ्यात रांगोळीचे मासे काढले होते, दाराला फुलांचं तोरण होतं. बाईंनी मला शेवया आणि दही दिलं. भाईंनी पांढरा डगला घातला होता. बाईंनी स्वतःच्या हातानं रोल बसवला, कागदाचं टोक खालच्या फिरकीत अडकवलं. मी बटण दाबलं.

पहिलं मिनिट मी विसरणार नाही. गाण्यातलं मला काही कळत नाही. पण ते सूर सावकाश, एकेक करून आले, आणि भाईंचा डावा हात खुर्चीच्या हातावर त्यांच्याबरोबर हलू लागला. उजवा मांडीवर पडलेला होता. पियानोच्या उजवीकडच्या पट्ट्या दबत होत्या आणि ते त्या पट्ट्यांकडे बघत होते. पंपाचा आवाज अजिबात नव्हता.

मग सूर लांबू लागले. दोन सुरांमधे जागा पडू लागली. कागद ओढला जात नव्हता. मी खालचं दार उघडून आत हात घातला, तर तो लहान भाता सुक्या बोंबलासारखा कडक लागला. तेव्हा मी बटण बंद करायला हवं होतं. फक्त एक बटण. पण इंजिन दमलं की थोडं जास्त द्यायचं, ते खाकरून मोकळं होतं, ही माझी पंधरा वर्षांची सवय. माझ्या हातानं आपणहून वेगाचा दांडा पुढे सरकवला. आत काहीतरी तडकलं. भाता घडीवर फाटला, कागदाला आवरणारं काही उरलं नाही, आणि तो सुसाट सुटला. सगळे सूर एकावर एक कोसळले. कागद तिरका झाला, कडेला अडकला आणि फाटत, चुरगळत फिरकीत गुंडाळत गेला. बटण मी दाबलं तोवर अर्ध्या रोलाचे तुकडे झाले होते.

मी जमिनीवर बसून होतो. भाईंनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. आता शिव्या खायच्या, असं मनाशी धरून मी गेलो. ते एकेक शब्द जमवत काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. बाईंनी सांगितलं, "पंपाचा आवाज नाय आला म्हणतो. चांगला काम केलास म्हणतो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो. खोटं सांगत नाही, नक्की गेलो असतो. पण ते ऐकून मला तिथे उभं राहवेना. उद्या येतो म्हणून सांगितलं आणि निघालो.

उद्या गेलो नाही. आठवड्यानं ती कामवाली आली, बायनं बोलावलाय म्हणाली. मी येतो म्हटलं. पुन्हा आली, तेव्हा मी घरातूनच बायकोला सांगितलं, वाणगावला गेलाय म्हण. बायकोनं तसं सांगितलं आणि ती गेल्यावर मला म्हणाली की जाऊन या एकदा, बोलतील दोन शब्द. तिला वाटत होतं मी बोलण्यांना भितोय. तिसऱ्यांदा कामवाली आली तेव्हा ती माझ्या चपलांकडे बघत उभी राहिली. चपला दारातच होत्या. त्यानंतर ती आली नाही.

मे महिन्यात भाई गेल्याचं कळलं. मी धावत गेलो, पण त्यांच्यात विधी झाल्यावर परक्यांना तोंड दाखवत नाहीत. मी रस्त्याच्या कडेला इतर गावकऱ्यांबरोबर उभा राहिलो आणि पांढऱ्या कपड्यांतली चार-सहा माणसं त्यांना घेऊन गेली. बाईंनी मला पाहिलं की नाही ते मला ठाऊक नाही.

महिन्याभरानं मीच गेलो. बाईंनी दार उघडलं, आत ये म्हणाल्या, चहा केला. मी सांगितलं की मुंबईला जाऊन चामडं आणतो, सगळं नव्यानं करतो, रोल जोडतो. त्यांनी पियानोवरचं ते जुनं पत्र उचललं आणि मला शेवटच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. चामड्याला कसलंही तेल कधीही लावू नये, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी ते टोचायला वाचलं नाही, मी बसवणार त्या नव्या चामड्यासाठी वाचलं.

मग त्या आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. रोलचे तुकडे त्यांनी वेचून, सपाट करून त्यात ठेवले होते. वरती एक पेन्सिल आणि कोऱ्या कागदाची गुंडाळी होती.

"हे त्याचा," त्या म्हणाल्या. "सगळा पाठ होता त्याला. कुठला भोक, किती लांब, सगळा. डाव्या हातानं रेघ सरळ येत नव्हती त्याची. पेन्सिल घेऊन रोज बसायचा नि विचारायचा, मिस्त्री आला? मी म्हटला, मला सांग, मी खुणा करते. पण मला ते समजत नाय रे. तुला समजला असता. तू दोन महिने दुसरे रोल लावून ती भोकं बघत होतास."

मी डब्याकडे बघत बसलो. ती कामवाली मला तीन वेळा कशासाठी बोलवायला येत होती, ते मला तेव्हा कळलं. रोल फाटला तो माझ्या अडाणीपणानं. त्याची मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी त्याहून वाईट काहीतरी मी दोन महिने घरात बसून केलं होतं. पहिल्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ केलं असेन. दुसऱ्याबद्दल अजून केलेलं नाही.

मुंबईच्या त्या कारागिराकडे मी स्वतः गेलो. त्यानं चामडं दिलं, कसं लावायचं ते दाखवलं, आणि मी पहिल्यांदाच कुणाचं तरी पूर्ण ऐकून घेतलं. झडपा, भाते, तो लहान भाता, सगळं नव्यानं सरसानं चिकटवलं. रोल जोडायला पतंगाचा कागद आणि पिठाची खळ वापरली. एकेक तुकडा दुसऱ्याशी जुळवायचा, कडा मिळवायच्या, खळ वाळली की पतंगाच्या कागदातली भोकं सुरीच्या टोकानं पुन्हा मोकळी करायची. सारा पावसाळा त्यात गेला. बाई शेजारी बसून असायच्या.

सगळे तुकडे जुळले, पण एका जागी फिरकीनं कागदाचा पार भुगा केला होता. हातभर लांबीचा तो भाग मिळालाच नाही. तिथे काय होतं हे जगात आता कुणालाच माहीत नव्हतं. मी भाईंच्या कोऱ्या गुंडाळीतला हातभर कागद कापला आणि दोन टोकांमधे चिकटवला. त्याला एकही भोक पाडलं नाही. पाडणार कुठे?

गणपती होऊन गेल्यावरच्या एका दुपारी बाई भाईंच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, लाव. मी बटण दाबलं. मागच्या वेळी ऐकलेलं ते पहिलं मिनिट तसंच्या तसं आलं. पुढचंही आलं. मी कागदाकडे डोळे लावून उभा होतो. तो कोरा भाग वरून सरकत खाली आला, पितळी पट्टीवर पोहोचला, आणि सगळे सूर थांबले.

पंधरा सेकंद असतील. कागद शांतपणे सरकत होता. मी पंपाकडे कान लावला. मोटार, पट्टा, टोपीच्या अस्तरातले दांडे, नव्या झडपा, कशाचाही आवाज नव्हता. मी दोन महिने जिवाचं रान करून जे मिळवलं होतं ते हेच होतं, आणि त्या क्षणी कुठूनतरी एक तरी फुर्र यावी म्हणून मी आत तळमळत होतो.

बाईंनी खुर्चीला टेकवलेली भाईंची काठी उचलली. ती जमिनीवर उभी धरून त्यांनी तिची मूठ जबड्याला लावली आणि डोळे मिटले.

"बंद पडला काय?" त्यांनी विचारलं.

"नाय बाय," मी म्हटलं. "चालू हाय."

त्यांनी काठी खाली घेतली नाही. कोरा कागद संपला आणि सूर पुन्हा सुरू झाले, मधलं काहीतरी सांगून झाल्यासारखे.